खाली केलेली पिकअप मागून आपटते, घासते किंवा एका अंगाला झुकते : दोष कसा शोधावा

लक्षणे

मागचा एखादा पाटा (स्प्रिंगचे काम करणारी पोलादी पट्टी) काढून किंवा पुढचे टॉर्शन बार (पिळाने स्प्रिंगचे काम करणारे दांडे) ढिले करून खाली, म्हणजे कमी उंचीची, केलेली पिकअप थोड्याच दिवसांत गॅरेजला परत येते आणि तिची तक्रार ठरलेल्या प्रकारांतलीच असते. गतिरोधकावरून जाताना मागून ‘धाड’ असा आवाज येतो आणि हादरा थेट सीटमध्ये जाणवतो. माल भरला की मागचे टायर मडगार्डला आतून घासतात आणि रबर जळाल्याचा वास येतो. सपाट जागेवर उभी केली तरी गाडी एका अंगाला झुकलेली दिसते. पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलताना किंवा ब्रेक लावताना मागच्या एक्सलजवळ ‘कट’ असा एकच आवाज होतो. ओल्या रस्त्यावर रिकाम्या गाडीला जोराने ब्रेक मारला की मागचा भाग बाजूला सरकतो. ठरावीक वेगाला खालून घुमल्यासारखा थरथराट सुरू होतो, पुढच्या टायरची एकच कड लवकर झिजते आणि रात्री समोरून येणारे चालक सारखे डिपर मारतात.

यांतले डिपरचे लक्षण मालकाला दोष वाटतच नाही, आणि ब्रेकचे लक्षण तो रस्त्याच्या नावावर खपवतो. प्रत्यक्षात ब्रेकचे लक्षण या सगळ्यांत गंभीर आहे. ते दिसत असेल तर पुढची तपासणी करण्यापूर्वीच गाडी रस्त्यावरून काढावी.

यांपैकी बरीच दुखणी गाडीची उंची कमी झाल्यामुळे थेट होत नाहीत. उंची बदलते, पण त्या उंचीवर बेतलेले बाकीचे भाग, म्हणजे यू-बोल्टची (पाटे एक्सलला जखडणाऱ्या बोल्टची) लांबी, रबरी बंप स्टॉप (एक्सल वर आला की शेवटचा धक्का घेणारे रबर), शॉकअप, भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा वॉल्व आणि हेडलाइट, जुन्याच हिशेबाने बसलेले राहतात, आणि दुखणे तिथे सुरू होते. म्हणून ‘पाटा कमजोर निघाला’ असे म्हणून नवा पाटा विकत घेण्याआधी खाली दिलेल्या क्रमाने तपासणी करावी. सुरुवातीच्या तपासण्यांना हवा भरण्यापलीकडे खर्च नाही.

आधी हवा आणि टायर

गाडी सपाट काँक्रीटवर, रिकामी, उभी करावी. चारही टायरची हवा थंड असताना तपासून दरवाजाच्या खांबावरच्या किंवा मॅन्युअलमधल्या तक्त्याप्रमाणे भरावी. त्या तक्त्यात मागच्या टायरसाठी रिकाम्या आणि भरल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असेल, तर आपण कोणता वापरतो हे पाहावे. मागच्या दोन टायरचा आकार, कंपनी आणि झीज सारखी आहे का, हेही इथेच पाहून घ्यावे. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत टायर असेल, तर तेवढ्यानेच गाडी झुकलेली दिसू शकते आणि मग पाट्यांमध्ये दोष शोधत बसण्याला अर्थ उरत नाही.

या टप्प्यावर मालकाला मी नेहमी एक प्रश्न विचारतो : गाडी मुळात खाली का केली? ‘रिकामी असताना फार उडत होती’ हे उत्तर आले, तर बहुतेक वेळा मूळ कारण पाट्यांची संख्या नसते. भरल्या गाडीची हवा ठेवून रिकामी गाडी चालवणे, गळके शॉकअप आणि वर्षानुवर्षे चिखल-गंज बसून एकमेकांना चिकटलेले पाटे, या तीन गोष्टींनी गाडी दगडासारखी कडक होते. पावसाळ्यात पांदण रस्त्यावरून गेलेल्या गाडीच्या पाट्यांमध्ये काळी माती शिरते, वाळते आणि पाटे एकमेकांवर सरकणे बंद होते. ते खोलून, तारेच्या ब्रशने घासून, पुन्हा बसवले तरी रिकाम्या गाडीची चाल पुष्कळ सुधारते. पाटा काढण्यापूर्वी हे करून पाहिले असते तर पुढचा प्रपंच टळला असता, अशा गाड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

टेप घेऊन चार मापे

मोजमाप केल्याशिवाय झुकलेल्या गाडीविषयी काहीही बोलू नये, कारण हौद्याला वरून लावलेली जाळी, फळ्या आणि बाजूचे पत्रे डोळ्याला फसवतात. चाकाच्या मध्यापासून त्याच्या सरळ वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही कोपऱ्यांवर मोजून वहीत लिहावे. त्यानंतर मागच्या एक्सलच्या नळीपासून चेसीच्या (गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या) खालच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. चालक, डिझेल टाकी आणि बॅटरी यांच्या वजनामुळे थोडा फरक असतोच. एक सेंटिमीटरच्या आतला फरक मी सोडून देतो.

या दोन प्रकारच्या मापांची तुलना केली की अर्धे उत्तर मिळते. एक्सल ते चेसी हे अंतर दोन्ही बाजूंना सारखे आहे, पण मडगार्डजवळ फरक दिसतो, अशी स्थिती असेल तर पाटे निर्दोष आहेत. हौद्याचे रबर दबले आहेत, बोल्ट ढिले झाले आहेत किंवा हौदा बांधतानाच वाकडा बसला आहे. दोन्ही मापांत फरक असेल, तर तो मागून आला आहे की पुढून, हे ठरवायचे राहते. त्यासाठी मागच्या चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावून, पुढच्या क्रॉस मेंबरच्या (चेसीच्या आडव्या पट्टीच्या) बरोबर मध्यावर जॅक ठेवून पुढची दोन्ही चाके जेमतेम उचलावीत. आता गाडीचा पुढचा भाग एकाच बिंदूवर टेकलेला असतो, त्यामुळे पुढच्या स्प्रिंगचा दोष मागे पोहोचत नाही. या अवस्थेत मागचा भाग सरळ झाला तर दोष पुढच्या टॉर्शन बारमध्ये किंवा स्प्रिंगमध्ये आहे. झुकलेलाच राहिला तर दोष मागच्या पाट्यांमध्ये आहे. माप घेताना कोणीही गाडीखाली जाऊ नये, हे सांगायला नको, तरी सांगतो.

तिसरे माप एक्सल आणि त्याच्या वरच्या रबरी बंप स्टॉपमधले. गाडी खाली केल्यावर जे कमी होते ते हेच अंतर, आणि गतिरोधकावर ‘धाड’ होते ती इथेच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोलाकार गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर सांगितली आहे. गावाच्या वेशीवर लोकांनी घातलेला उंचवटा त्याहून अरुंद आणि उभा असतो, त्यामुळे चाक झटक्यात वर येते. त्यात आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तडकते, म्हणून तिच्यावर बांधलेल्या रस्त्याला लांबलचक लाटा येतात. भरली गाडी अशा लाटेतून पन्नास-साठच्या वेगाने गेली की पाटे पूर्ण दबतात. नव्या गाडीत त्या वेळी दोन-चार बोटे अंतर शिल्लक राहते. खाली केलेल्या गाडीत ते आधीच खर्च झालेले असते.

चौथे माप मागच्या चाकाच्या मध्यापासून पाट्याच्या पुढच्या हँगरच्या (पाट्याचे टोक चेसीला धरणाऱ्या कंसाच्या) बोल्टपर्यंतचे, दोन्ही बाजूंना. याचा उपयोग पुढे यू-बोल्टच्या तपासणीत होतो.

घासल्याच्या आणि आपटल्याच्या खुणा

टॉर्च घेऊन मडगार्डच्या आतल्या बाजूला पाहावे. तिथे एरवी चिखलाचा सुकलेला थर असतो; टायर घासत असेल तिथे तेवढाच पट्टा साफ, चकचकीत आणि काळा दिसतो. पट्टा वरच्या बाजूला असेल तर टायर मडगार्डच्या माथ्याला लागतो, म्हणजे पाटे गरजेपेक्षा जास्त दबतात. पट्टा पुढच्या किंवा मागच्या बाजूला असेल तर एक्सल जागेवरून सरकला आहे, आणि ती बाब पहिलीपेक्षा कितीतरी अधिक चिंतेची आहे. आकाराने मोठे टायर घातले असतील तर खुणा सगळीकडे दिसतात; तिथे टायर बदलण्यावाचून इलाज नाही.

बंप स्टॉप दोन्ही बाजूंना जागेवर आहेत का, फाटले आहेत का, त्यांच्या टोकावर ताजी चमक आहे का, हे पाहावे. काही ठिकाणी ‘रबर लागते’ म्हणून ते निम्मे कापून देतात. असे केल्याने आवाज काही दिवस थांबतो, पण जो धक्का रबर घेत होते तो आता लोखंड लोखंडावर घेते आणि एक्सलची नळी किंवा चेसी त्याची किंमत मोजते. कापलेले रबर दिसले की नवे बसवावे; सस्पेन्शनमधला हा बहुधा सर्वांत स्वस्त भाग आहे.

हेडलाइटचा विषय इथेच आटोपून घ्यावा. फक्त मागून खाली केलेल्या गाडीचे नाक वर होते आणि झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राने किंवा भिंतीवर माप घेऊन झोत खाली करण्याचे काम कोणतेही गॅरेज थोड्या वेळात करून देते.

यू-बोल्ट : जिथे दोष वारंवार सापडतो

खाली केलेल्या गाडीत एकच गोष्ट तपासायची मुभा असेल, तर मी यू-बोल्ट तपासेन. पाट्यांचा सेट एक्सलला जखडून ठेवणारे हे चार बोल्ट आहेत, एका बाजूला दोन. सेटच्या मधोमध असलेला सेंटर बोल्ट पाट्यांना एकत्र ठेवतो आणि त्याचे डोके एक्सलवरच्या भोकात बसून एक्सलची जागा नेमकी करतो. ओढ सहन करण्याचे काम मात्र सेंटर बोल्टचे नाही. ते यू-बोल्टच्या दाबाने निर्माण होणाऱ्या घर्षणाचे आहे.

एक पाटा काढला की सेटची जाडी तेवढी कमी होते. यू-बोल्ट मात्र जुनेच आणि जुन्याच लांबीचे असतात. नट आवळत नेला की तो आट्यांच्या शेवटाला जाऊन अडतो, आणि पाना घट्ट लागल्यासारखा वाटतो. मिस्त्रीच्या हाताला नट आवळला गेल्याची खात्री होते, पण आत पाट्यांवर पुरेसा दाब आलेलाच नसतो. गाडी चालू लागली की एक्सल केसभर पुढे-मागे होऊ लागतो. गाडी उचलताना आणि ब्रेक लावताना येणारा ‘कट’ आवाज तोच. दाब नसल्यामुळे सगळी ओढ सेंटर बोल्टवर येते आणि एके दिवशी तो तुटतो. त्यानंतर एक्सल एका बाजूने मागे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. मागून येणाऱ्याला ती स्पष्ट दिसते, चालकाला मात्र फक्त स्टिअरिंग किंचित वाकडे धरावे लागते.

तपासणी अशी करावी. नटाच्या खाली किती आटे बाहेर आहेत आणि नटाच्या वरच्या बाजूला, पट्टीकडे, आटे शिल्लक आहेत का, हे टॉर्चने पाहावे. वरच्या बाजूला एकही आटा दिसत नसेल आणि नट गुळगुळीत दांड्याला भिडला असेल, तर तो घट्ट आहे असे मानू नये. पाट्यांच्या खाली, एक्सलच्या बैठकीजवळ, गंजाची तांबडी पावडर किंवा नुकतीच घासलेली चमक दिसते का पाहावे. जिथे हालचाल नाही तिथे ताजी चमक येत नाही. आधी घेतलेले चौथे माप दोन्ही बाजूंना वेगळे असेल तर एक्सल सरकला आहे आणि सेंटर बोल्ट तुटला आहे असे समजून चालावे.

उपाय एकच आहे : योग्य लांबीचे, योग्य जाडीचे नवे यू-बोल्ट आणि नवे नट. नटाखाली वॉशरची चळत रचून जागा भरणे, हा उपाय मी मान्य करत नाही. वॉशर हळूहळू बसतात आणि दाब पुन्हा जातो. जुने यू-बोल्ट एकदा ताणले गेलेले असतात, म्हणून ते पुन्हा वापरू नयेत. नट तिरप्या क्रमाने, थोडेथोडे, मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यापर्यंत टॉर्क पान्याने आवळावेत. पाटे एकमेकांवर बसायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे साधारण पाचशे किलोमीटर झाल्यावर ते पुन्हा आवळणे आवश्यक असते. हे पुन्हा आवळणे राहून गेले म्हणून परत आलेल्या गाड्यांची संख्या पाटा तुटून आलेल्या गाड्यांपेक्षा कमी नाही.

कोणता पाटा काढला?

यू-बोल्टनंतर दोन्ही बाजूंचे पाटे मोजावेत. ऐकायला हास्यास्पद वाटेल, पण एका बाजूला सहा आणि दुसऱ्या बाजूला सात, किंवा दोन्हीकडे सहाच पण वेगवेगळ्या जाडीचे, असे प्रत्यक्षात सापडते. झुकण्याचे कारण तिथेच संपते.

पाट्यांचे हिशेब साधे आहेत. सारख्या जाडीचे सात पाटे असतील आणि एक काढला, तर सेटची ताकद सुमारे एक सप्तमांशाने घटते, आणि तोच माल आता सहा पाट्यांवर येतो, म्हणून प्रत्येक पाट्यावरचा ताण सुमारे एक षष्ठांशाने वाढतो. पोलाद वारंवार वाकल्याने थकते, आणि ताण थोडा वाढला तरी त्याचे आयुष्य त्या मानाने फार घटते. खालचा जाड मदतनीस पाटा काढला असेल तर हिशेब याहून वाईट होतो, कारण पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. हा पाटा रिकाम्या गाडीत पुष्कळदा काम करतच नसतो. वरचे पाटे दबून त्याला टेकले की तो भार घेऊ लागतो. म्हणून तो काढल्याने रिकामी गाडी फारशी खाली होत नाही आणि भरली गाडी मात्र बसते, म्हणजे हेतू साधत नाही आणि नुकसान तेवढे होते.

मुख्य पाट्याच्या लगेच खालचा दुसरा पाटा काढलेला आढळला, तर गाडी तिथेच थांबवावी. कित्येक गाड्यांत या पाट्याची टोके मुख्य पाट्याच्या डोळ्यापर्यंत (बोल्ट जातो त्या टोकाच्या गोल वेढ्यापर्यंत) पोहोचलेली किंवा त्याला वेढलेली असतात, जेणेकरून मुख्य पाटा डोळ्याजवळ तुटला तरी एक्सल सुटू नये. तो काढणे म्हणजे हा शेवटचा आधार काढून घेणे आहे. मांजरसुंब्याच्या घाटात किंवा कन्नडच्या घाटात भरल्या गाडीचा मुख्य पाटा पुढच्या डोळ्याजवळ तुटला, तर एक्सल एका बाजूने मोकळा होतो आणि त्यानंतर स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे होते.

पाट्यांना बाजूने धरणाऱ्या क्लिपा परत लावल्या आहेत का, हेही पाहावे. त्या नसतील तर चाक खड्ड्यात लटकते तेव्हा मुख्य पाटा एकटाच सगळा भार घेतो, आणि पाटे बाजूला पंख्यासारखे पसरतात.

पाट्यांखाली ठोकळे घालून गाडी खाली करता येते, असा एक समज आहे. एक्सल पाट्यांच्या वर असेल, म्हणजे पाटे एक्सलच्या खालून गेले असतील, तरच दोहोंमध्ये ठोकळा घातल्याने गाडी खाली जाते. पाटे एक्सलच्या वर असतील, आणि आपल्याकडच्या बहुतेक पिकअपमध्ये ते तसेच असतात, तर त्याच ठोकळ्याने गाडी उलट वर जाते. असे ठोकळे, त्यातही एकावर एक रचलेले, सापडले तर ते काढून टाकावेत.

शॅकल, बुश आणि शॉकअप

पाटा सपाट होतो तसा तो लांबही होतो, आणि ती वाढलेली लांबी मागचा शॅकल (पाट्याचे मागचे टोक चेसीला जोडणारी झुलती कडी) मागे झुकून सामावून घेतो. खाली केलेल्या गाडीत शॅकल रिकाम्या अवस्थेतच मागे झुकलेला असतो. भार आल्यावर तो चेसीला टेकत असेल, तर पाट्याला लांब व्हायला जागाच उरत नाही आणि हादरा सरळ हँगरमध्ये जातो. शॅकलच्या वर चेसीवर ठोकल्याची खूण आहे का, हे त्यासाठी पाहावे. पाट्याच्या डोळ्यात रबरी बुश (नळीसारखे अस्तर) असलेल्या गाडीत डोळ्याचे बोल्ट चाके जमिनीवर टेकलेली असताना, गाडीच्या नेहमीच्या उंचीला आवळावे लागतात. गाडी जॅकवर लटकलेली असताना आवळले, तर बुश कायम पिळलेल्या स्थितीत राहते आणि लवकर फाटते.

शॉकअप गाडी उचलून धरत नाही. ते फक्त पाट्यांची उसळी जिरवते. पण गाडी खाली झाल्याने त्याचा दांडा आधीच आत गेलेला असतो, आणि मोठ्या खड्ड्यात तो आतून तळाला आपटतो. तेलाचा ओघळ, वाकलेला दांडा किंवा वरच्या बोल्टजवळ तडा दिसला तर शॉकअप जोडीने बदलावेत, एकटा कधीही नाही.

ब्रेक : इथे घरगुती उपाय थांबतात

अनेक पिकअपमध्ये मागच्या एक्सलपासून चेसीवरच्या वॉल्वपर्यंत एक दांडी किंवा स्प्रिंग गेलेली असते. मागे माल आहे की नाही हे हा वॉल्व चेसी आणि एक्सलमधल्या अंतरावरून ओळखतो. अंतर कमी झाले, म्हणजे माल भरला आहे असे मानून तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. अंतर जास्त असेल तर दाब कमी ठेवतो. गाडी खाली केल्यावर ती रिकामी असूनही वॉल्वला भरलेली वाटते. मग हलक्या मागच्या चाकांना गरजेपेक्षा जास्त ब्रेक लागतो, ती पुढच्या चाकांआधी जाम होतात, आणि मागचा भाग बाजूला फेकला जातो. मृगाच्या पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ आणि तेल मिळून जो चिकट थर होतो, त्यावर हे सर्वांत आधी कळते.

आपण एवढेच पाहावे : दांडी जागेवर आहे का, कोणी ती काढून तारेने बांधून ठेवली आहे का, आणि ती वाकवलेली आहे का. ब्रेकच्या लवचीक नळीला, तसेच हँडब्रेकच्या केबलला चाक पूर्ण लटकल्यावर ताण येतो का आणि चाक पूर्ण वर आल्यावर ती टायरला घासते का, हेही पाहून घ्यावे. दांडी अंदाजाने वाकवून ‘सेट’ करू नये. ही जुळणी त्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या मापाने, प्रशिक्षित माणसाने, दाब मोजूनच करायची असते. रस्त्यावर ब्रेक मारून अंदाज घेणे ही तपासणी नव्हे.

पुढची बाजू आणि थरथराट

पुढे टॉर्शन बार असलेल्या गाडीत जुळणीचा एक बोल्ट ढिला केला की पुढचा भाग खाली येतो. काम इतके सोपे वाटते म्हणूनच ते बेपर्वाईने केले जाते. उंची बदलली की चाकांचा कल आणि त्यांची तोंडे दोन्ही बदलतात, त्यामुळे अलाइनमेंट करून घेतल्याशिवाय गाडी चालवली तर टायरची एक कड खाल्ली जाते. बोल्ट मूळ जागी किती आटे होता याची नोंद नसेल, तर दोन्ही बाजूंची उंची मोजून मॅन्युअलमधल्या मापावर आणावी आणि मग अलाइनमेंट करावी. बोल्टाच्या पलीकडे जाऊन बार किंवा त्याचा आधार खोलण्याचा प्रयत्न घरी करू नये. त्यात साठलेला पीळ सुटला तर हात तुटतो.

थरथराटाचे कारण बहुधा जॉइंट शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलपर्यंत जाणाऱ्या फिरत्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे त्याचे सांधे, किंवा मधली बेअरिंग असते. एक्सल आणि पाटे यांच्यामध्ये पाचर घातली असेल किंवा एक्सल सरकला असेल, तर शाफ्टच्या दोन टोकांचे कोन एकमेकांशी जुळत नाहीत आणि थरथर सुरू होते. पाचर कोणी, कशासाठी घातली हे कळत नसेल तर ती काढून पूर्ववत करावे.

कुठे थांबावे

खालीलपैकी काहीही आढळले, तर पाना खाली ठेवून गाडी टोइंगने किंवा रिकामी, अगदी हळू, जवळच्या अधिकृत वा अनुभवी कार्यशाळेत न्यावी : चेसीला किंवा हँगरच्या रिव्हेटजवळ तडा, एक्सलला जागा मिळावी म्हणून कापलेली चेसी, वेल्डिंग केलेला पाटा, गॅसने तापवून बसवलेला पाटा किंवा कापलेली कॉइल स्प्रिंग, सरकलेला एक्सल, ब्रेकच्या वॉल्वची बदललेली दांडी. पाट्याचे पोलाद विशिष्ट तापमानाला तापवून, विझवून आणि पुन्हा तापवून लवचीक केलेले असते. गॅसच्या ज्योतीने किंवा वेल्डिंगने ते संस्कार तेवढ्या जागी पुसले जातात. पाटा त्या जागी एक तर मऊ पडतो किंवा ठिसूळ होतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. अशा पाट्याला दुरुस्ती नाही. तो बदलावाच लागतो.

गाडीखाली जावे लागणार असेल तर जॅकवर विसंबू नये. चेसीखाली दोन्ही बाजूंना स्टँड आणि चाकांना ठोकळे लावल्याशिवाय, विशेषतः मातीच्या अंगणात, हातसुद्धा आत घालू नये. काळी माती वरून टणक दिसते, पण जॅकखाली ती दबते. म्हणून जॅकखाली जाड फळी ठेवावी.

कायद्याची बाजूही थांबवणारीच आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ स्पष्ट केला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मालवाहू गाडी पासिंगला जाते, त्या वेळी पाटे आणि ब्रेक पाहिले जातात, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हाच मुद्दा काढते. त्यामुळे बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणे हाच सरळ मार्ग आहे.

माझे मत विचारले तर, वसमतची हळद, जालन्याची मोसंबी किंवा कापसाच्या गाठी वाहून ज्या गाडीवर घर चालते, ती गाडी मूळ उंचीवरच असावी. हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारासाठी हौदा उंच पडत असेल तर आडव्या पट्ट्या ठोकलेली मजबूत फळी पाट्यापेक्षा स्वस्त आणि सुरक्षित पडते. केवळ दिसण्यासाठी, खासगी वापराची गाडी, परवानगी घेऊन खाली करायचीच असेल, तर रिकाम्या गाडीत एक्सल आणि बंप स्टॉपमधले मूळ अंतर निम्म्याहून अधिक शिल्लक राहील एवढीच करावी, आणि ते काम पाटे, यू-बोल्ट, शॉकअप, ब्रेक वॉल्व, अलाइनमेंट आणि हेडलाइट असे एकत्रच करून घ्यावे.

कार्यशाळेत जाताना मापांची वही सोबत न्यावी आणि आधी काढलेले पाटे भंगारात दिले नसतील तर तेही न्यावेत. ते परत बसवायचे झाल्यास दोन्ही बाजूंना एकाच वेळी बसवून घ्यावेत. काढून ठेवलेल्या पाट्याची कमान टिकून असते, पण गाडीखाली राहिलेल्या पाट्यांची बसलेली असते, म्हणून एका बाजूला जुना पाटा आणि दुसऱ्या बाजूला नवा असा जोड लावला की गाडी पुन्हा झुकते. पाटे बसवल्यावर नवे, पूर्ण लांबीचे यू-बोल्ट लावून घ्यावेत आणि पाचशे किलोमीटरनंतरच्या आवळणीची तारीख बिलावरच लिहून घ्यावी.